एका किलोचा हिशेब

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून लिहितेय. वय ४१, शिक्षण बारावी. नऊ वर्षांपूर्वी आम्ही अकरा जणींनी बचत गट काढला आणि गेली सहा वर्षं कांदा-लसूण मसाला करतो. पहिल्यापासून अध्यक्ष मीच. आमची चटणी ४५० रुपये किलोने जाते, उन्हाळ्यात तर पुरत नाही. आता पुण्याच्या एका मोठ्या दुकानाने महिन्याला २०० किलो, तेही बारमाही, मागितली आहे. छापील किमतीवर त्यांना ३० टक्के हवेत आणि पैसे ४५ दिवसांनी देणार. कच्चा माल किलोला २९० पडतो असं हे म्हणतात, म्हणजे परवडायला हरकत नसावी. हिशेब, बँक, फोन सगळं हेच बघतात, स्वभावाने फार चांगले आहेत.

अडचण वेगळीच आहे. गेल्या महिन्यात तालुक्याला ‘आदर्श उद्योजिका’ म्हणून माझा सत्कार झाला, पेपरात माझा एकटीचा फोटो आला. तेव्हापासून गटात धुसफूस सुरू झाली. माझी सख्खी जाऊ गटाची सचिव आहे. ती भर बैठकीत म्हणाली, “नाव तुझं, हात आमचे.” मला फार लागलं. गट सोडून स्वतःची फर्म काढावी असं वाटतंय. त्यात ८ मार्चला इथल्या कॉलेजने ‘महिला नेतृत्व’ यावर बोलायला बोलावलंय. मोठमोठ्या बायकांची नावं घेऊन बोलायचं म्हणजे धडकी भरते. मी कसली नेता, मी चटणी करते. जाऊ की नको?

— एक वाचक

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा जाऊबाईंच्या वाक्याशी थांबले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्याच्या बऱ्याच आधी अडखळले. “कच्चा माल किलोला २९० पडतो असं हे म्हणतात.” सहा वर्षं तुम्ही ही चटणी करताय, मिरचीचे देठ काढून तुमची बोटं भाजतात, आणि ती पडते कितीला हे तुम्हाला ‘हे’ सांगतात! तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला या एका वाक्यापाशी सापडली. त्यामुळे सत्कार, जाऊबाई, भाषण सगळं जरा बाजूला ठेवा आणि वही-पेन घेऊन बसा. स्वयंपाकघरात बसलात तरी चालेल.

२९० हा आकडा खरा धरू. त्यात काय काय आलं? ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, धणे, तीळ, खसखस, सुकं खोबरं, कांदा, लसूण, तेल, मीठ. बरं. आता डंकावर कुटून आणायचे किलोला २० धरा. पाकीट आणि लेबल १५. रिक्षा, टेम्पो, पार्सल मिळून १०. झाले ३३५. आता दुकानाचा हिशेब. ४५० मधून ३० टक्के म्हणजे १३५ गेले, तुमच्या हातात ३१५. म्हणजे दर किलोमागे तुम्ही पदरचे २० रुपये घालून पुण्याला चटणी पाठवणार. २०० किलोला महिन्याचे ४,००० रुपये. लोक हळदी-कुंकवाला वाण लुटतात, तुम्ही दर महिन्याला लुटणार.

आणि यात अजून मजुरी धरलेली नाही. ती तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि मला खात्री आहे की ती वहीतही नसणार. घरच्या बायकांच्या हाताला आपल्याकडे भाव लावत नाहीत. लावून बघू. मी माहितीतल्या एका गटाला विचारलं. वीस किलोच्या घाण्याला चार बायका दोन दिवस लागतात : देठ काढणं, ऊन दाखवणं, भाजणं, कांदा परतणं, कुटून आल्यावर पुन्हा कालवणं, भरणं. आठ दिवसांची मजुरी. रोज ३०० धरला तर २,४०० रुपये, म्हणजे किलोला १२०. खरी किंमत झाली ४५५. तुम्ही गावात विकता ४५० ला. घरबसल्या विकून आजवर एकेकीला दिवसाचे सरासरी २८७ रुपये सुटले, आणि त्यालाच सगळ्यांनी नफा म्हटलं.

तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील. तुमच्याकडे घाणा मोठा असेल, डंक शेजारी असेल. पण रीत हीच. पुण्याच्या दुकानाला ३० टक्के द्यायचे असतील तर फळीवरची किंमत ६५० हवी, तेव्हा कुठे ४५५ हातात येतात आणि मजुरीपुरतं भागतं. ते १५ टक्क्यांवर आले तर ५३५ ला जमेल. यापेक्षा खाली तुम्ही उतरायचं नाही. त्यांनी नाही म्हटलं तर नाही. नाही म्हणणाऱ्या दुकानदाराने तुमचे ४,००० वाचवलेले असतात.

उधारीचं पण बघा. ३३५ गुणिले २०० म्हणजे महिन्याला ६७,००० रुपये रोख गुंतणार. ४५ दिवस थांबायचं म्हणजे लाखभर रुपये कायम दुसऱ्याच्या गल्ल्यात. शिवाय मागणी बारमाही आहे. जुलैत मिरची कुठे वाळवणार? म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्येच वर्षाची मिरची भरायची, ती शीतगृहात ठेवायची, त्याचं भाडं द्यायचं. एवढं भांडवल गटाकडे आहे का? मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही, कारण पासबुक तुमच्याकडे नाही. मी रागवत नाहीये.

रागवायचा मला काय अधिकार? एकतीस वर्षं मी बँकेत काउंटरला बसले. दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या, दुसऱ्यांच्या व्याजाचे हिशेब तोंडपाठ केले. आणि नोकरीची पहिली अकरा वर्षं माझ्या पगाराच्या खात्याचं पासबुक आमच्या ह्यांच्या कपाटात होतं. तेही स्वभावाने चांगले होते. एकदा काउंटरवर एका बाईंना मी विचारलं, “खात्यात किती आहेत माहीत आहे का?” त्यांनी मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात हसले. संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये लक्षात आलं की मला कोणी विचारलं असतं तर मीही मागे बघितलं असतं. दुसऱ्या दिवशी मी ड्युप्लिकेट पासबुकाचा अर्ज भरला. घरात आठ दिवस वातावरण जरा थंड होतं, मग सवय झाली.

म्हणून सांगते, तुमच्या यजमानांशी भांडण काढायचं कारण नाही. ते मदतच करत असतील. पण सरपंचबाईंच्या खुर्चीमागे उभे असलेले ‘सरपंचपती’ही मदतच करत असतात. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक संस्थांत बायकांना ५० टक्के जागा दिल्या. जागा भरल्या. ज्या गावात बाईने ग्रामसेवकाकडून खर्चाची पावती स्वतः मागितली, तिथे काही हललं. बाकी ठिकाणी सहीचा शिक्का नवऱ्याच्या खिशात राहिला. गटाच्या खात्यावर सह्या अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांच्या असतात. तुमच्या सह्या आधीच कोऱ्या चेकवर होऊन घरात पडल्या असतील तर तो शिक्काच झाला. आणि हो, पाकिटावर फोन नंबर कोणाचा छापलाय? तुम्ही लिहिलंय फोन हेच बघतात. म्हणजे पुण्याच्या दुकानदाराशी भावाची बोलणी झाली ती तुमच्याशी झालेलीच नाहीत.

म्हसवडच्या बायकांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, साताऱ्यातलं म्हसवड तुम्हाला काही लांब नाही. तरी पुन्हा सांगते, कारण ती नेहमी अर्धीच सांगितली जाते. माण तालुका, कायम दुष्काळी. लोहारकाम करणारी एक बाई रोजचे थोडे पैसे साठवायला बँकेत गेली, तर एवढ्या लहान रकमेचं खातं उघडायला बँकेने नकार दिला. तिला पावसाळ्याआधी झोपडीवर घालायला ताडपत्री घ्यायची होती, बस. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा तेव्हा तिथे राहायला आलेल्या होत्या. त्यांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं आणि परवान्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. अर्ज परत आला, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेकींनी सहीच्या जागी अंगठे उठवले होते. इथपर्यंतची गोष्ट भाषणात सगळे सांगतात. पुढचा भाग मला जास्त आवडतो. त्या बायका काही महिने बसून लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. गेल्यावर नुसत्या सह्या दाखवल्या नाहीत. आम्हाला वाचता येत नसेल, पण मोजता येतं. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. सही त्या नंतर शिकल्या. हिशेब त्यांच्या डोक्यात आधीपासून होता, आणि अधिकार मागायला त्या तो घेऊन गेल्या. तुमच्याकडे उलटं झालंय : सही आहे, शाल आहे, फोटो आहे, हिशेब दुसऱ्याच्या डोक्यात आहे.

आता जाऊबाई.

तुम्हाला लागलं हे समजतं. भर बैठकीत, तेही सख्ख्या जावेने! पण माझ्या मते तिचं बरोबर आहे. बोलायची पद्धत चुकली असेल, पण वाक्य बरोबर आहे. सत्काराला तुम्ही एकट्या गेलात, पेपरवाल्याने एकटीचा फोटो काढला आणि तुम्ही “थांबा, बाकीच्या येऊ देत” म्हटलं नाहीत. पण फोटो हे निमित्त असणार. मला वाटतं, त्या दहा जणींना जे कळत नाहीये ते तुम्हालाही कळत नाहीये : पैसे किती आले आणि गेले कुठे. हिशेब उघडा नसला की माणसं फोटोवर भांडतात. बँकेत मी अशी शंभर भांडणं पाहिली, भावाभावांची, सुनांची, सोसायट्यांची. तोंडावर मानपान असतो, खाली पासबुक असतं.

लिज्जतचं उदाहरण मला मुद्दाम घ्यायचंय, कारण ते सगळ्यांना इतकं माहीत आहे की कोणी नीट बघतच नाही. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणी जमल्या. उसने ८० रुपये होते. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली, ती भुलेश्वरच्या व्यापाऱ्याकडे गेली. त्या सातांतल्या जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री मिळाली २०२१ मध्ये. मधली ६२ वर्षं बघा. पैसे उसने देणारे छगनलाल पारेख, ज्यांना सगळे छगनबापा म्हणत, त्यांनी दोन गोष्टी कानावर घातल्या. सुरुवातीला या बायका दोन प्रतींचा पापड करायच्या, चांगला आणि स्वस्तातला. ते म्हणाले, एकच प्रत करा आणि ती कधी उतरू देऊ नका. दुसरं, धंदा धंद्यासारखा करा, हिशेब चोख ठेवा. मदत किंवा देणगी कोणाकडे मागायची नाही, तोटा आला तरी नाही, हे बायकांनी आधीच ठरवलं होतं.

आणि पहिल्याच पावसाळ्यात काम चार महिने बंद पडलं. पापड वाळेनात. तुमचा जुलै आणि त्यांचा जुलै एकच. पुढच्या वर्षी त्यांनी काय केलं? एक खाट आणली, एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाटेखाली स्टोव्ह. बारमाही धंदा असा सुरू झाला. ती कल्पना सातांतल्या कोणाची होती हे कोणी नोंदवून ठेवलेलं दिसत नाही. आज तिथे ४५ हजारांवर बायका आहेत, प्रत्येक जण मालकीण, प्रत्येकीला ‘बहन’ म्हणायचं. नफ्यात वाटा, तसा तोट्यातही.

तुमच्या गटात प्रत्येकीला तोट्याचा वाटा कळवलाय का कधी? ही ऑर्डर आहे तशी घेतली असती तर महिन्याचे ४,००० अकरा जणींत वाटले असते, म्हणजे डोईला ३६४ रुपये, खिशातून. हे जाऊबाईंना सांगून बघा. त्यांचा राग पाच मिनिटांत वळेल, आणि तुमच्या बाजूने वळेल.

आणखी एक पत्र आठवतं. बॉयलर बनवणाऱ्या पुण्याच्या थरमॅक्स कंपनीचे प्रमुख रोहिंटन आगा १९९६ मध्ये वारले आणि त्यांच्या पत्नी अनु आगांनी सूत्रं घेतली. पुढच्याच वर्षी त्यांचा मुलगा अपघातात गेला. कंपनीची घसरण सुरू झाली, शेअर पडला. त्या काळात एका भागधारकाने त्यांना निनावी पत्र लिहिलं : तुम्ही आम्हाला बुडवलंत. हे त्यांनी स्वतः नंतर अनेकदा सांगितलंय. पैशाची गरज त्यांना नव्हती, पत्र फाडून टाकता आलं असतं. त्या म्हणे रात्रभर झोपल्या नाहीत. मग त्यांनी बाहेरचे सल्लागार आणले, संचालक मंडळच बदललं, घरच्या माणसांना कार्यकारी पदांवरून बाजूला केलं. कंपनी सावरली आणि २००४ मध्ये त्यांनी अध्यक्षपद मुलीकडे, मेहेर पदमजींकडे सोपवलं. बॉयलर आणि चटणी यांत साम्य नाही हे मलाही कळतं. पण तुमच्या जावेने निदान निनावी पत्र पाठवलं नाही, तोंडावर सांगितलं.

तर गट सोडायचा का? आत्ता नाही. रागात काढलेल्या फर्मला पहिल्या दिवसापासून सिद्ध करण्याचं ओझं असतं, आणि त्या फर्मचा हिशेबही पुन्हा ‘हे’च लिहिणार. एकट्याने २०० किलो होणार नाहीत; त्याच दहा जणींना रोजाने बोलवाल आणि मग जाऊबाईंचं वाक्य शब्दशः खरं होईल. दोन हंगाम जाऊ द्या. त्यानंतरही वेगळं व्हावंसं वाटलं तर जरूर व्हा, त्यात पाप नाही. गटातून बाहेर पडून चांगला धंदा उभा केलेल्या बायका मी कर्ज खात्याला असताना पाहिल्यात. त्या सगळ्या हिशेब शिकून बाहेर पडल्या होत्या.

तोवर करायची कामं सांगते, सुचतील तशी. येत्या बैठकीत वही मधे ठेवा, जाऊबाईंना मोठ्याने वाचायला लावा. सचिव आहेत ना? उमेदच्या, म्हणजे सरकारच्या बचत गट अभियानाच्या ताई येतात तेव्हा गटाच्या दहा नियमांची दशसूत्री पाठ म्हणून दाखवता. त्यातलं लेखे ठेवण्याचं सूत्र एकदा खरोखर पाळून बघा. यजमानांना सांगा, तीन महिने शेजारी बसून शिकवा, मग आम्ही लिहू. चांगले आहेत म्हणता, मग आनंदाने शिकवतील. नसतील शिकवत तर मला पुन्हा पत्र लिहा, ते पत्र वेगळं असेल. पाकिटावर गटाचा स्वतंत्र नंबर टाका, आणि तो फोन आठवड्याला एकीकडे. भाव सांगायची भीती अशीच जाते. कुणी घासाघीस केली की तोंडातून “विचारून सांगते” निघेल, निघू दे. चार-सहा वेळा निघेल, मग बंद होईल.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, केली नसेल तर करा. बचत गटालाही होते आणि ती फुकट आहे. कोणी एजंट हजार-दोन हजार मागत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ही नोंदणी ऑर्डर घेण्याआधी हवी. कारण २००६ च्या एमएसएमई, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या कायद्याने लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेच लागतात, नाहीतर वर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. करारच नसेल तर १५ दिवस. दुकानदार ४५ म्हणतोय तो उपकार करत नाहीये, कायद्याची शेवटची मर्यादा सांगतोय. तुम्ही २० म्हणा. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या नोंदणीचा नंबर पाकिटावर असेलच असं धरते. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची पीएमएफएमई योजना २०२० मध्ये सुरू झाली, ३५ टक्के अनुदानाची. ती अजून चालू आहे का आणि त्यात काय मिळतंय ते तालुका कृषी कार्यालयात विचारा, आणि विचारायला दोघी जा. तुम्ही आणि जाऊबाई.

अध्यक्षपदाचंही बघा. नऊ वर्षं एकच अध्यक्ष म्हणजे बाकीच्या दहा जणींना नऊ वर्षं सुट्टी. तुम्ही आजारी पडलात तर पुण्याच्या माणसाशी कोण बोलेल? नाव डोळ्यांपुढे येत नसेल तर ते तुमचं अपयश आहे, कौतुक नाही. यंदा पद सोडा, धंद्याची मार्केटिंगची बाजू हातात ठेवा. जाऊबाई अध्यक्ष झाल्या तर? होऊ देत. अध्यक्षाला किती फोन येतात ते त्यांनाही कळू दे.

राहिलं भाषण. जा. नक्की जा.

मोठमोठ्या बायकांची नावं घ्यायची गरज नाही. ८ मार्चला ती यादी सगळीकडे वाचली जाते : किरण मुजुमदार-शॉ, फाल्गुनी नायर, कल्पना सरोज, मग एखादी वैमानिक, मग एखादी खेळाडू, मग आभारप्रदर्शन आणि उपमा. त्यांच्याविषयी मला आदर आहे. फाल्गुनीबाईंनी पन्नाशीला टेकताना, २०१२ मध्ये, बँकेतली मोठी नोकरी सोडून धंदा काढला याचं माझ्यासारख्या बँकवालीला तर फारच अप्रूप. पण समोर बसलेल्या मुलीला त्या यादीतून फक्त हे कळतं की त्या बायका तिच्यासारख्या नाहीत. नाव घ्यायचंच असेल तर अकोल्याच्या, म्हणजे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंचं घ्या. शाळेची पायरी चढल्या नाहीत. घरात गावठी वाणांचं बी राखलं, वाल, घेवडा, भात, आणि ते वाटलं. बी नेणाऱ्याने पीक आल्यावर दुप्पट परत आणून द्यायचं अशी त्यांची रीत. २०२० ला पद्मश्री जाहीर झाली. पद्मश्रीपेक्षा ती दुप्पटीची अट मला मोठी वाटते. त्या बाईने उधारीचे नियम स्वतः ठरवले.

कॉलेजात गेलात की फळा मागा. माईक नसला तरी चालेल. फळ्यावर लिहा ४५०. खाली वजा १३५. मग मुलींना विचारा, आमची ऑर्डर घ्यावी की नाही? निम्म्या हात वर करतील. मग एकेक खर्च लिहीत जा : मिरची, डंक, पाकीट, टेम्पो. शेवटी मजुरी. तिथे थांबा आणि विचारा, हे कोणाच्या लक्षात आलं होतं? कॉमर्सच्या मुलीसुद्धा गप्प बसतील, लावा पैज. आणि हे लिहायला फळ्याशी जाऊबाईंना उभं करा. तुम्ही बोला, त्या लिहू देत. फोटो निघेल तेव्हा दोघी असाल, आणि मागे हिशेब.

मी कसली नेता, असं विचारलंयत. मला खरंच माहीत नाही हो. एवढं कळतं की दुकानदाराला “३० टक्क्यांत परवडत नाही” हे वाक्य तुमच्या गटातून कुणी तरी म्हणायला हवं, आणि म्हणताना मागे वळून बघायचं नाही. ते कोण म्हणेल ते बैठकीत ठरवा.

पाकिटावरचा नंबर बदललात की नव्या नंबरावरून मला अर्ध्या किलोचा भाव कळवा. जो हिशेबाने निघेल तो. सवलत देऊ नका, आणि पोस्टाचा खर्च धरायला विसरू नका.